हा कागद कोण मागणार आहे?

गेल्या अंकात घरातल्या कागदपत्रांविषयी प्रश्न मागवले होते. कागदाचा पसारा कसा आवरावा हे विचारायला वाचकांनी चार-चार पानी पत्रं पाठवली, पाठपोट, समासातही लिहून. त्यातली निवडक इथे घेते, तीही थोडक्यात.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते: माझी सगळी नोकरी एका मोठ्या कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. धूळ, गठ्ठे, गंजलेल्या टाचण्या आणि 'बाई, जरा तेवढं शोधून द्या' असं म्हणत येणारी माणसं. तिथे एक सवय जडली, ती आजही सुटलेली नाही. कुठलाही कागद हातात आला की मी विचारते, हा मागायला कोण येणार आहे? कधी येणार? आणि त्याला अस्सल लागेल की नक्कल चालेल? तिन्हींची उत्तरं देता आली तर कागद ठेवायचा. पहिल्याचंच उत्तर येत नसेल तर तो कशासाठी ठेवताय, हे तुम्हीच मला सांगा.

'आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कायम कागदांनी भरलेला असतो. बिलं, शाळेच्या सूचना, जाहिराती, तपासण्यांचे रिपोर्ट. वीस फोल्डर आणले, लेबलं लावली. महिन्याभरात फोल्डर रिकामे आणि टेबल भरलेलं. सुरुवात कुठून करू?' (नोकरी करणारी एक आई)

आधी एक करा: जुन्या ढिगाला हात लावू नका. बहुतेकजण सुट्टीच्या दिवशी कंबर कसतात, सगळं जमिनीवर पसरतात, दुपारपर्यंत जुनी पत्रं वाचत बसतात आणि संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून सगळं परत पिशव्यांत कोंबतात. पिशव्या पलंगाखाली जातात. पुढच्या वर्षी तिथे आणखी पिशव्या असतात.

पलंगाखालचा ढीग आपणहून वाढत नाही. वाढतो तो टेबलावरचा. म्हणून आधी बंदोबस्त दाराशी. आलेला कागद उभ्या उभ्या उघडा. बसलात की तो टेबलावर टेकणारच. पाकीट, जाहिरात, 'आपल्या माहितीसाठी' छापाची पत्रकं तिथल्या तिथे रद्दीत. उरलेले एका ट्रेमध्ये. ट्रे एकच, आणि त्यात जागा फक्त अशा कागदांना ज्यांचं काही करायचं आहे: भरायचं, सही करायची, उत्तर द्यायचं, फोन करायचा. काय करायचं ते कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवा. 'सही, सोमवारपर्यंत', 'डॉक्टरांना दाखवणे'. एवढं लिहिलं की पुढच्या वेळी तो कागद पहिल्यापासून वाचावा लागत नाही. तुमचे कागद टेबलावर कुजतात ते यामुळेच. आपण तोच कागद पाच वेळा उचलतो, वाचतो, 'हो, हे करायचंय' म्हणतो आणि परत खाली ठेवतो. आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी ट्रेचा तळ दिसला पाहिजे.

आता फोल्डर. वीस लेबलं लावलीत तिथेच गाडी अडली. वाहनाचा विमा 'वाहन'मध्ये जाणार की 'विमा'मध्ये? मुलाच्या लसीकरणाचं कार्ड 'शाळा'त की 'आरोग्या'त? प्रत्येक कागदाशी असा वाद घालायचा म्हटलं की माणूस कंटाळतो आणि तो टेबलावर ठेवून देतो. इथे माझा जुना प्रश्न कामाला येतो. विमा कोण मागणार? अपघात झाला तर. तेव्हा त्याच्यासोबत वाहनाची नोंदणीही लागणार. मग तो वाहनात. जे कागद एकत्र मागितले जातात ते एकत्र राहतात, मग त्यांची जात काही असो. असं पाहिलंत तर पाच-सहा जाडजूड फायलींत सगळं घर बसतं: ओळख (जन्म, लग्न, पासपोर्ट), घर, पैसे आणि कर, तब्येत, शिक्षण-नोकरी, वाहन आणि वस्तू. 'इतर' नावाची फाइल मात्र करायची नाही. आमच्या कार्यालयात तिला 'संकीर्ण' म्हणत, आणि तिथे गेलेला कागद कोणी परत पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

फायली उभ्या ठेवा, एकीवर एक नको. सोपी गोष्ट आहे, पण ती सुचायलाही एकोणिसावं शतक संपत आलं होतं. त्याआधी कार्यालयांत पत्रं घड्या घालून खणांत खोचत, आणि घडीच्या पाठीवर आत काय आहे त्याचा सारांश लिहीत. कागद उभे ठेवण्याचं कपाट 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडलं गेलं आणि मग जगभरची कार्यालयं त्याच्या मागे लागली. आडव्या ढिगातून खालचा कागद ओढायचा तर वरचे सगळे हलतात. उभ्यात फक्त हवा तोच हलतो.

वर्गवारी अजिबात जमत नसेल तर युकिओ नोगुची या जपानी अर्थतज्ज्ञांची रीत करून पाहा. त्यांनी विषयवार लावणंच सोडून दिलं. मोठी पाकिटं घ्यायची, कडेला तारीख आणि नाव लिहायचं, फळीवर ओळीने उभी करायची. नवं पाकीट डाव्या टोकाला. एखादं काढून वापरलं की परत ठेवतानाही डाव्या टोकाला. काही महिन्यांत रोजची पाकिटं आपोआप डावीकडे जमतात आणि कोणी न विचारलेली उजवीकडे सरकतात. टाकायचं काय हे शोधत बसावं लागत नाही, उजवं टोक चाळलं की झालं. मला ही रीत फार आवडते, कारण यात शहाणपणा लागत नाही. फक्त ओळख आणि मालमत्तेचे कागद या रांगेत घालू नका. ते दहा वर्षं कोणी मागत नाही, आणि मागतात तेव्हा दुसऱ्या दिवशी हवे असतात.

किती दिवस ठेवायचं? चुकतं केलेलं बिल, पुढच्या बिलात जमा दिसेपर्यंत. कराचे कागद, तुम्ही राहता तिथल्या कायद्याची मुदत संपेपर्यंत. ती एकदा नीट पाहून फायलीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. वॉरंटी संपली की कार्ड गेलं. जन्म-मृत्यू, लग्न, मालमत्ता, पदव्या, शस्त्रक्रिया आणि लसी, हे कायमचं. ही शेवटची फाइल तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच बारीक निघेल. अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार सांगतं की सरकारी कामकाजातल्या कागदपत्रांपैकी जेमतेम 1 ते 3 टक्के कायमची जपण्याजोगी असतात. अख्खं सरकार बाकीचं टाकू शकतं, तर आपणही मागच्या दशकातली दूरध्वनीची बिलं टाकू शकतो.

'माझे वडील वर्तमानपत्रं टाकू देत नाहीत. खोलीत कमरेएवढे गठ्ठे आहेत. ते पुढच्या महिन्यात बहिणीकडे जाणार आहेत. तेव्हा गुपचूप सगळं काढून टाकावं का?' (एक त्रस्त मुलगा)

नाही. अजिबात नाही. ते परत येतील, बघतील, आणि त्यानंतर खोलीला कुलूप लागेल. कागदाबरोबर विश्वासही रद्दीत गेला की पुढचं काहीच करता येत नाही.

गठ्ठा नेमका कशासाठी आहे हे त्यांना विचारा, तेही रागावर नसताना. पुष्कळांच्या मनात एखादा लेख असतो: 'तो मला कापायचा होता.' मग कात्री घ्या आणि त्यांच्या शेजारी बसा. एका बैठकीत एकच गठ्ठा. ते सांगतील तेवढं कापायचं. पानाचा उरलेला भाग त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूला ठेवायचा, तुम्ही नाही.

आणि एक गोष्ट त्यांना दाखवा. गठ्ठ्यातला मधला एक अंक काढा आणि पानाची कड दुमडा. जुना असेल तर ती घडीवर तुटेल. वर्तमानपत्राचा कागद लाकूड वाटून केलेल्या लगद्याचा असतो. त्यात लाकडाचे धागे धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य तसंच राहतं, आणि उजेड-हवेने तो पिवळा, मग तपकिरी, मग ठिसूळ होतो. त्यातलं आम्ल शेजारच्या कागदालाही डाग पाडतं. म्हणजे ते जे जपताहेत ते जपलंच जात नाहीये. कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा, वर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहा आणि ती ठेवा. तारीख नसलेलं कात्रण कोणाच्याच उपयोगाचं नाही, हे मी रेकॉर्ड रूममधली म्हणून जरा कडक शब्दांत सांगते. अख्खे अंक जपण्याचं काम मोठी ग्रंथालयं करतात, आणि त्यांना त्यासाठी कापडी बांधणी आणि मायक्रोफिल्म करावी लागते.

दाराची वाट, खिडकी, शेगडी किंवा हीटरजवळची जागा मात्र वाटाघाटीत घेऊ नका. तिथले गठ्ठे आजच हलवायचे. हलवायचे म्हणजे खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, बाहेर नव्हे. एवढं ते मान्य करतील.

कागदाला हात लावला की ते कासावीस होत असतील, झोपायची-बसायची जागाही उरली नसेल, आणि वर्तमानपत्राखेरीज इतर वस्तूंचंही तसंच होत असेल तर हा हट्टाचा प्रश्न नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली अशा साठवणीला स्वतंत्र आजार म्हणून आपल्या यादीत घेतलं आणि त्यावर उपचार होतात. डॉक्टरांशी बोला. वडिलांना 'तुम्ही आजारी आहात' असं तोंडावर सांगू नका, एवढं तुम्हाला कळतंच.

'जपून ठेवलेल्या पावत्या कोऱ्या होतात. फ्रिज बिघडला तेव्हा पावती काढली, तर पांढरा कागद!'

त्या पावतीत शाई नसतेच. कागदावर रंग आणि त्याला उठाव देणारं आम्लधर्मी रसायन यांचा लेप असतो. यंत्राचं गरम टोक जिथे टेकतं तिथे दोन्ही वितळून एकत्र येतात आणि काळं उमटतं. नखाने झरकन एक रेघ ओढून पाहा. काळी उठली तर कागद त्या जातीचा, घर्षणाची उष्णताही त्याला पुरते. ऊन, हाताचं तेल आणि प्लास्टिकच्या पाकिटातली रसायनं ती अक्षरं हळूहळू पुसतात. म्हणजे पारदर्शक पाकिटात घालून जपलेली पावती लवकर कोरी होऊ शकते.

ज्या दिवशी वस्तू घेतली त्याच दिवशी झेरॉक्स किंवा फोटो. मूळ पावती त्या झेरॉक्सबरोबर साध्या कागदी पाकिटात. आणि लॅमिनेशन करायला देऊ नका, यंत्रातून काळीकुट्ट पट्टी बाहेर येईल. टाकताना रद्दीच्या गठ्ठ्यातही नको. हा लेप पुनर्वापराच्या लगद्यात जाऊ नये.

'मी सगळं स्कॅन करून कागद टाकून द्यायचं ठरवलंय. घरच्यांचा विरोध आहे. माझं बरोबर आहे ना?' (महाविद्यालयीन विद्यार्थी)

अर्धं बरोबर आहे. आधी तुझा फोन उघड आणि गेल्या वर्षीच्या प्रवेश अर्जाची पोच शोधून दाखव. घड्याळ लावून. फोटोंच्या रांगेत मांजर, मित्राचा वाढदिवस, नोट्स, परत मांजर आणि मधेच कुठेतरी ती पोच असेल, तर तू पसारा आवरला नाहीस, टेबलावरून फोनमध्ये हलवलास.

स्कॅनला नाव लागतं, आणि नाव स्कॅन करतानाच द्यायचं. 'IMG' आणि पुढे आकडे असं यंत्राने दिलेलं नाव हे नाव नव्हे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग काय आहे ते: 2024-06-15 प्रवेश पोच. या क्रमाने लिहिलंस की फायली आपोआप तारखेवार लागतात. दिवस आधी लिहिलास तर सगळ्या वर्षांच्या पहिल्या तारखा एका जागी गोळा होतील. मजकुराच्या कागदाला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, पुष्कळ झाले. त्यात ए-फोर पान साधारण 2480 बाय 3508 पिक्सेलचं होतं आणि बारीक शिक्काही वाचता येतो. पाठची बाजू विसरू नकोस. शिक्के आणि सह्या बहुधा तिथेच असतात.

मग प्रती. संगणकवाल्यांमध्ये 3-2-1 म्हणून एक नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोन हरवला, चोरीला गेला, पाण्यात पडला तर काय उरतं याचा हिशेब कर. फक्त फोनमध्ये असलेला कागद मी तरी जपलेला मानणार नाही.

घरच्यांचा विरोध कुठे योग्य आहे ते आता सांगते. ओला शिक्का, हाताची सही, नोटरी, मालमत्तेचा दस्त, मूळ पदवी, जन्म आणि लग्नाचे दाखले, मृत्युपत्र. यांची नक्कल दाखवलीस की समोरचा म्हणतो, 'अस्सल आणा.' त्या वेळी तुझं स्कॅन कितीही स्वच्छ असो. तेव्हा ही एक फाइल कागदीच राहू दे. बाकी बिलं, पत्रकं, वह्या, माहितीपुस्तिका खुशाल टाक. घरात पडलेल्या माहितीपुस्तिका तर आधी टाक, त्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर बहुधा मिळतात.

'आजीच्या ट्रंकेत पत्रांचा गठ्ठा सापडला. सुतळीने बांधलेला, टाचण्या गंजलेल्या. वर्षांनुसार लावून, लॅमिनेट करून अल्बम करावा असं मनात आहे.'

थांबा! सुतळी सोडायच्या आधी थांबा.

पत्रं ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाचा आधी फोटो काढा आणि उलगडताना प्रत्येकाच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला. बॉलपेन नको. आजीने ती पत्रं कशी बांधली होती, कोणाचं पत्र कोणाच्या शेजारी होतं, हीसुद्धा माहिती आहे. फ्रान्सच्या जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या अभिलेखागारांसाठी 1841 साली असाच नियम झाला, की एका घराण्याचे किंवा संस्थेचे कागद दुसऱ्यांत मिसळायचे नाहीत. त्यातूनच पुढे मूळ क्रम न मोडण्याची शिस्त आली, ती आज जगभर पाळतात. तारीखवार यादी वहीत करा, पत्रं हलवू नका. एखाद्या बिनतारखेच्या पत्राची तारीख तुम्हाला शेजारच्या दोन पत्रांवरून लागेल, आणि तेव्हा माझी आठवण काढा.

टाचणी ओढून काढायची नसते. गंजाने ती कागदाला धरलेली असते आणि ओढली की भोकाबरोबर अक्षरही येतं. पातळ, ताठ प्लास्टिकचा तुकडा टाचणी आणि कागद यांच्या मधे सारा, वरून एक, खालून एक. आता टाचणी हलते ती प्लास्टिकवर, कागदावर नाही. हळूहळू मोकळी करा. सुटत नसेल तर दोन्ही बाजूंना थोडी वर उचलून मधून कापा. हात स्वच्छ धुतलेले आणि कोरडे असू द्या. हातमोज्यांची गरज नाही, मोठ्या संग्रहांतही आता नाजूक कागदाला मोकळा हातच बरा मानतात, कारण मोज्यातून कड जाणवत नाही आणि ती फाटते.

लॅमिनेशन नाही. उष्णतेने वितळलेला गोंद कागदाच्या धाग्यांत जातो आणि मग तो परत काढता येत नाही. चिकटपट्टीही नाही, काही वर्षांत ती पिवळी पडून डाग सोडते. रबर बँड तर मुळीच नाही. साधी कागदी पाकिटं, आम्लरहित मिळाली तर उत्तम, आणि पुठ्ठ्याची पेटी. पेटी माळ्यावर नको, न्हाणीघराच्या भिंतीलाही नको. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि ओल आली की कसर येतेच. तिला पाकिटाच्या तोंडावरची खळ फार आवडते.

अल्बम करायचाच असेल तर झेरॉक्सचा करा. नातवंडं तो हाताळतील, फाडतीलही. मूळ पत्रं पेटीत.

'मुलीची चित्रं! रोज पाच. एकही टाकवत नाही.'

तिच्या नावाची एक पेटी करा. झाकण लागेल तेवढंच राहणार. भरली की तिच्याबरोबर बसून निवड, आणि निवडणारी ती. मुलं आपल्यापेक्षा निष्ठुर असतात, पाहाच. ठेवलेल्या प्रत्येक चित्रामागे तारीख आणि ती काय म्हणाली ते लिहा, नाहीतर पुढे तो हत्ती की आत्या हे कोणालाच सांगता येणार नाही.

अँडी वॉरहॉल हा अमेरिकन चित्रकार 1974 पासून टेबलाशेजारी खोका ठेवून त्यात हातात येईल ते टाकत असे: पत्रं, पावत्या, निमंत्रणं, वर्तमानपत्रं. भरला की खोका बंद करून रवाना. मागे सहाशेच्या वर खोके राहिले आणि ते उघडून त्यांची यादी करायला पिट्सबर्गच्या संग्रहालयातल्या लोकांना वर्षानुवर्षं लागली. तुमच्या मुलीसाठी कोणी संग्रहालय काढेपर्यंत एक पेटी पुरे.

'नाव-पत्ता, खाते क्रमांक असलेले कागद रद्दीत कसे देऊ?'

तसेच देऊ नका. उभ्या पट्ट्या करणारं यंत्र पुरत नाही. 1979 साली तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासात कर्मचाऱ्यांनी पट्ट्या केलेले कागद दूतावास ताब्यात घेणाऱ्यांनी नंतर जुळवून वाचले. आडवे-उभे दोन्ही कापणारं यंत्र घ्या. त्यावर पी-4 लिहिलेलं असेल तर तुकडा 160 चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा निघत नाही. यंत्र नसेल तर नाव, क्रमांक आणि सही एवढाच भाग फाडून रात्रभर बादलीत भिजवा आणि सकाळी कुस्करा. उरलेला कोरा कागद रद्दीत. सगळंच चुरा करायच्या मागे लागू नका. बारीक तुकड्यांत कागदाचे धागे तुटतात आणि नवा कागद करायला ते कमी उपयोगाचे ठरतात.

'यजमान गेले. सगळे कागद तेच बघत. मला काही सापडेना, मुलांनी सुट्टी काढून घर धुंडाळलं. आता माझ्यामागे मुलांवर ही वेळ येऊ नये. वय 71.'

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी अशी माणसं येत. डोळे सुजलेले, हातात पिशवी, आणि पिशवीत चुकीचे कागद.

नव्या फायली करण्याआधी एक पान लिहा. एकच, मोठ्या अक्षरात, वर तारीख. कोणती खाती कुठल्या बँकेत, विमा कोणाकडे, घराचा दस्त कुठल्या कपाटात, मृत्युपत्र केलं असेल तर त्याचं मूळ कोणाजवळ, लॉकरची किल्ली कुठे, कोणाला पैसे दिलेत, कोणाचे द्यायचेत, दर महिन्याला खात्यातून आपोआप काय जातं. घराचे, गावचे, जुन्या नोकरीचे असे कागद जिथे असतील त्या जागेचं नाव लिहा. नुसतं 'कपाटात' लिहू नका. 'शयनगृहातलं लोखंडी कपाट, वरून दुसरा खण, निळी फाइल' असं लिहा, कारण ते पान वाचणारा माणूस गोंधळलेला असणार आहे. पासवर्ड या पानावर नकोत, ते वेगळ्या बंद पाकिटात.

यजमानांचे कागद आता एका वेगळ्या पेटीत ठेवा आणि इतक्यात टाकू नका. वर्षभराने कुठूनतरी पत्र येतं आणि कोणीतरी जुना क्रमांक मागतं. मृत्यूच्या दाखल्याच्या पुरेशा प्रमाणित प्रती काढल्या आहेत ना? प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र मागतात.

पान झालं की एका मुलाला किंवा मुलीला घरी बोलवा, पान हातात द्या आणि म्हणा, 'घराचा दस्त काढून आण.' तुम्ही खुर्चीतून उठायचं नाही, 'अगं तिथे नाही' असंही म्हणायचं नाही. जिथे अडेल तिथे पान दुरुस्त करा. दर वर्षी एका ठरलेल्या दिवशी नवं पान लिहा आणि जुनं फाडून टाका. दोन पानं शिल्लक राहिली तर खरं कोणतं यावरून भावंडांत जुंपते.

आणि हे सगळं एका बैठकीत करू नका. त्या कागदांवर त्यांचं अक्षर असेल. त्याला वेळ द्या.

'तुमच्याच मासिकाचे बारा वर्षांचे अंक घरात आहेत. त्यांचं काय करू?'

संपादकांनी हा प्रश्न काढून टाका म्हणून सुचवलं होतं. शेवटी कोणता अंक उघडलात, ते आठवा. ज्यातलं पान परत वाचावंसं वाटतं ते पान कापा, वर महिना-वर्ष लिहा आणि फायलीत लावा. उरलेले ग्रंथालयाला द्यायचे असतील तर आधी विचारा. न विचारता दिलेले गठ्ठे ग्रंथपालाला रद्दीत घालावे लागतात, आणि तेही तुम्ही गेल्यावर, संकोचून. कोणी घेत नसेल तर स्वतःच रद्दीत द्या. हा अंकही, वाचून झाल्यावर.